वाचून बरं वाटतं, पण बदलत काहीच नाही

“वाचस भलतं, पन व्हस काहीच नही.”

अमळनेर तालुक्यातल्या एका २६ वर्षांच्या तरुणाचं हे पहिलं वाक्य. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बी.एस्सी. झालेला, कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर बसणारा, घरी कोरडवाहू कापूस. रात्री १० ते १२ मोबाईलवर व्यक्तिमत्त्व विकासाचे लेख वाचायचा आणि आवडलेला प्रत्येक लेख साठवून ठेवायचा. साठा २०० च्या पुढे गेला होता. वडिलांचं म्हणणं, “रातभर मोबाईलमा घुसेल ऱ्हास.” त्याला हवी होती एक यादी: वाचण्यासारखं नेमकं कोण लिहितं?

समुपदेशनाला अशी यादी मागणारे बरेच जण येतात. यादी दिली की २०० चे २२० होतात, एवढंच.

निवडीकडे वळण्याआधी एक तपासणी चुकवायची नसते. सलग दोन आठवडे बहुतेक वेळ मन उदास असणं, आवडीच्या कामातही रस न उरणं, झोप आणि भूक बिघडणं ही लक्षणं असतील, तर लेख कितीही चांगला असो, तो उपचार नव्हे. तेव्हा डॉक्टरांकडे जायचं. निदान सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ वर फोन तरी करायचा. तो मोफत आहे आणि २४ तास चालतो. या तरुणाच्या बाबतीत तसं काही नव्हतं. झोप कमी होती, पण ती मोबाईलमुळे.

मग विचारलं, हे लेख कशासाठी वाचतोस? उत्तर आलं, “आत्मविश्वासासाठी.” काउंटरवर एखादा शेतकरी येऊन नुसतं “कपाशीवर रोग पडला, औषध द्या” म्हणाला, तर तू बाटली काढून देतोस का? नाही. पान उलटून खालच्या बाजूने बघायला सांगतो, बोंड फोडून आणायला सांगतो. मावा आहे, तुडतुडे आहेत की गुलाबी बोंडअळी, हे कळल्याशिवाय औषध ठरत नाही. ‘आत्मविश्वास नाही’ हे ‘रोग पडला’ म्हणण्यासारखंच आहे. तो नेमका कुठे कमी पडतो, यावर पाऊण तास गेला. शेवटी निघालं ते असं: गिऱ्हाइकाकडे उधारी मागताना जीभ अडखळते. खरिपात बियाणं आणि खत उधारीवर जातं, कापूस विकला की पैसे यायला हवेत. पण हा फोनच लावत नाही आणि मालकाची बोलणी खातो. वहीत १४ नावं थकलेली होती.

किडीला नाव मिळालं की २०० पैकी बहुतेक लेख आपोआप गळतात. पहाटे पाचला उठा, थंड पाण्याने अंघोळ करा, भिंतीवर स्वप्नांची चित्रं लावा. उधारीच्या फोनशी यातल्या कशाचा संबंध? उरलेले लेख चाळायला त्याच्याच धंद्यातलं एक साधन वापरलं, ते म्हणजे औषधाच्या बाटलीवरचं लेबल. घटक, मात्रा, कोणत्या पिकावर आणि कोणत्या किडीवर, उत्पादनाची तारीख, मुदत आणि विषारीपणाचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण हे सगळं पाहिल्याशिवाय तो बाटली हातात देत नाही. लेखाकडेही हेच मागायचं. एका लेखाला पाच मिनिटं पुरतात.

घटक म्हणजे दाव्यामागचा आधार. ‘एका विद्यापीठाच्या संशोधनानुसार’ एवढंच असेल तर ते वाक्य सोडून द्यायचं. कोणी, कधी, किती माणसांवर, हे तिन्ही हवं. उदाहरणार्थ, येल विद्यापीठाच्या १९५३ च्या तुकडीत ज्या ३ टक्के मुलांनी ध्येयं लिहून ठेवली तेच पुढे श्रीमंत झाले, ही गोष्ट शेकडो ठिकाणी छापलेली दिसते. असा अभ्यास झालेलाच नाही. ‘२१ दिवसांत सवय लागते’ याचं मूळ १९६० सालचं. मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने लिहिलं होतं की, शस्त्रक्रियेनंतर नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णाला निदान २१ दिवस लागतात. त्यातला ‘निदान’ पुढे गळाला आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर प्रत्यक्ष पाहणी केली, तेव्हा १८ पासून २५४ दिवसांपर्यंतचे आकडे निघाले, मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नाही, हेही त्यातच दिसलं. या मुलाने २१ दिवसांचे चार संकल्प २२ व्या दिवशी सोडून दिले होते आणि दोष स्वतःला दिला होता. खोट्या आकड्याने होणारं खरं नुकसान ते हे.

मात्रेबाबत फार लेख नापास होतात. ‘रोज थोडा वेळ स्वतःसाठी काढा’ ही मात्रा झाली का? किती मिनिटं, दिवसाच्या कोणत्या वेळी, किती आठवडे, आणि फरक पडला नाही तर कधी थांबायचं, हे लिहिणारा माणूस सहसा ते करून पाहिलेला असतो.

पीक कोणतं, हेही बघायचं. लिहिणाऱ्याच्या घरी स्वयंपाक कोण करतं, त्याला सुटी कधी असते? जूनमध्ये रात्री दहाला युरियाचा ट्रक उतरवणाऱ्याला पहाटे पाचचा नियम लागू पडत नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांसाठी हाताने ‘छात्रालय दैनिक’ लिहायचे. वाचणारी मुलं रोज समोर होती. चांगल्या लेखकाला आपला वाचक असा दिसत असतो, आणि ते पहिल्या दोन परिच्छेदांतच कळतं.

त्रिकोण सर्वांत महत्त्वाचा. हा सल्ला कोणाला चालणार नाही, तो कुठे उलटेल, हे लेखात आहे का? ‘सर्वांसाठी, हमखास’ असेल तर पुढे वाचू नये. शेवटचा परिच्छेद आधी वाचण्याची युक्तीही इथेच कामी येते. ९९ रुपयांचं सत्र, मग ‘मोजक्याच जागा’, मग हजारोंचा कोर्स अशी पायरी असेल, तर लेख म्हणजे फक्त आमिष. विकणं वाईट नाही. पण काही न विकत घेताही लेख पूर्ण वाटला पाहिजे.

नवं शोधताना ‘सर्वोत्तम’ असा शब्द टाकून काही हाती लागत नाही. एक चांगला लेख सापडला की तो लेखक कोणाचा आधार नावानिशी घेतो ते पाहावं आणि मागे मागे जावं. शिवाय त्याचे तीन लेख वाचावेत: सर्वांत जुना, मधला आणि ताजा. कुठेतरी ‘माझं आधीचं म्हणणं चुकलं होतं’ असं आढळलं, तर तो लेखक ठेवावा.

साठ्यातले ३० लेख त्याने लेबल लावून तपासले. चार उरले. ठरलं ते असं: लेखक दोनच, लेख आठवड्याला एक, रविवारी दुपारी. वाचून झाला की मोबाईल पालथा ठेवून आठवेल तेवढं वहीत लिहायचं. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवून लिहिलेलं आठवड्यानंतर जास्त टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगांत दिसलं आहे. त्याखाली एक ‘की’ असलेलं वाक्य. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने मांडलेली ही पद्धत आहे: कधी आणि कुठे, हे कृतीला आधीच बांधून टाकायचं. त्याचं वाक्य असं झालं: “दुकान झाडून उदबत्ती लावली की, वहीतल्या पुढच्या नावाला फोन.” काय बोलायचं तेही लिहून ठेवलं: “काका, रामराम. कापूस गेला का? मागचे साडेचार हजार आहेत, किती आणि कधी जमतील?” रक्कम आकड्यात, प्रश्न एक, त्यानंतर गप्प बसायचं. ही गप्प बसण्याची जागाच त्याला जड जात होती, म्हणून तिची सहा वेळा तालीम केली.

मोजणी मात्र सोडली नाही. गुलाबी बोंडअळीच्या नर पतंगांना वासाने ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की फवारणीचा निर्णय होतो. शेजाऱ्याने फवारलं म्हणून आपण फवारत नाही. तसंच फोनच्या आधी भीतीला ० ते १० मध्ये गुण द्यायचे आणि फोन झाल्यावर पुन्हा द्यायचे.

पहिल्या दिवशी आधी ९, नंतर ६. दुसऱ्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाने झापलं आणि तीन दिवस फोन बंद राहिले. ते तीन दिवस वहीत कोरे ठेवले, भरून काढले नाहीत. सहा आठवड्यांत १४ ही नावांना फोन झाला. नऊ जणांकडून थोडे-फार पैसे आले, दोघांनी फोन उचललाच नाही. फोनआधीची भीती ५ वर आली आहे, त्याखाली नाही. रात्रीचा मोबाईल अजून साडेअकरापर्यंत चालतो, आणि पुढच्या भेटीत त्यावरच बोलायचं ठरलं आहे.