पडदा सुटलाय पण त्रास काहीच नाही, मग लेझर करावं का ऑपरेशन?

तुमच्या भावाचं वय २४, नंबर उणे ७. चष्मा घालवायच्या तपासणीत उजव्या डोळ्याचा पडदा (रेटिना) खाली, कानाकडच्या बाजूला सुटलेला निघाला. परभणीत लेझर सांगितलं, संभाजीनगरला बकल, म्हणजे डोळ्याला बाहेरून पट्टी शिवायचं ऑपरेशन. दोघांपैकी कुणी चुकलंय असं लगेच धरू नका. पडद्याखालचं पाणी नजरेच्या केंद्राकडं कुठवर आलंय, त्यावर सगळं ठरतं.

जास्त मायनस नंबराचा डोळा लांब असतो, कडेचा पडदा विरळ होऊन त्याला बारीक गोल छिद्रं पडतात. या वयात आतली जेली पडद्याला धरून असते. म्हणून छिद्रांतून पडद्याखाली पाणी फार हळू झिरपतं, चमकही दिसत नाही. शिवाय पडदा खालून सुटला की नजर वरच्या कडेची जाते, तिकडं कुणाचं लक्ष नसतं.

पाणी कडेलाच असेल तर लेझर पुरतो. पण लेझरनं सुटलेला पडदा चिकटत नाही, हे आधी समजून घ्या. पाण्याभोवतीच्या चांगल्या पडद्यावर ठिपक्यांच्या साधारण तीन ओळी मारून बांध घालतात. पाण्यावर मारलेला ठिपका धरतच नाही. बांधाची दोन्ही टोकं पडद्याच्या पुढच्या कडेपर्यंत भिडायला हवीत. तिथं फट राहिली तर पाणी वळसा घालून पुढं जातं. बांध पक्का व्हायला १० ते १४ दिवस लागतात.

पाणी बरंच आत आलं असेल तर माझं मत बकलकडं झुकतं. यात बाहेरून सिलिकॉनची पट्टी शिवतात, जेलीला हात लागत नाही. मायनस नंबर थोडा वाढतो, ते चालेल. या वयात जेली काढायचं ऑपरेशन पहिल्यांदाच नको. मोतीबिंदू लवकर होतो.

पडद्यावर जुनी रंगाची रेघ दिसत असेल तर पाणी काही महिने तिथंच थांबलंय, असं समजतात. मग नुसतं लक्ष ठेवणंही चालतं, पण फोटो काढून, दर तीन महिन्यांनी. पाणी रेघ ओलांडूही शकतं. छिद्र वरच्या बाजूला असेल किंवा घोड्याच्या नालेसारखं फाटलं असेल तर थांबू नका.

डॉक्टरांना एवढं विचारा: डोळ्याची कड बाहेरून दाबून पूर्ण पडदा पाहिला का? हे सुटणंच आहे, का पडद्याचेच दोन थर वेगळे झालेत? डाव्या डोळ्यात छिद्रं आहेत का? बाहुली मोठी करायचे थेंब टाकल्यावर काही तास गाडी चालवता येत नाही, सोबत कुणीतरी जा.

घरी रोज एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला सांगा. सावली, चमक किंवा एकदम काळे ठिपके दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रेटिनाच्या डॉक्टरांकडं न्या. चष्मा घालवायचं सध्या थांबवा. नंबर गेला तरी डोळ्याची लांबी तेवढीच राहते.