रोज दहा तास वाचूनही टेस्टमध्ये आठवत नाही, नेमकं काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की नागपुरात अभ्यासिकेत रोज दहा तास बसता, राज्यसेवेची पुस्तकं तीनदा वाचून झालीत, ओळी रंगवून झाल्यात, तरी टेस्टमध्ये ‘हे वाचलं होतं’ एवढंच आठवतं. तुमच्या स्मरणशक्तीला काही झालेलं नाही. तिसऱ्या वाचनाला पान ओळखीचं वाटतं आणि त्या ओळखीलाच आपण ‘येतं’ असं समजतो. पूर्वपरीक्षेत पर्याय समोर असतात खरे, पण तिथे चारही पर्याय ओळखीचेच असतात.

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी उतारा वाचला. मग काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र उलटलं: वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ५६. म्हणजे वाचून उठल्यावर जो भरवसा वाटतो, तोच फसवतो.

आता हे तुमच्या टेबलावर कसं करायचं? समजा आज नागपूर करार, म्हणजे विदर्भ मराठी राज्यात आणण्यासाठी नेत्यांनी केलेला करार, वाचायचा आहे. तीन-चार पानं एकदा नीट समजून वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर सात मिनिटं लिहा. तारीख, विदर्भाला दिलेली आश्वासनं, अधिवेशनाची अट, जे सुचेल ते. अडलात की लगेच पान उघडायचा मोह होतो. इथेच बहुतेकांचं बिनसतं. निदान अर्धा मिनिट डोक्याला ताण द्या, मगच उघडा. सुटलेलं आणि चुकलेलं लाल पेनाने भरा आणि फक्त त्या लाल भागाचे प्रश्न कार्डांवर उतरवा. सगळ्या पानाची कार्डं केलीत तर महिन्याभरात ढीग होतो आणि त्याला कुणी हात लावत नाही.

प्रश्न नेमका हवा. ‘नागपूर करार म्हणजे काय?’ याला काहीही उत्तर दिलं तरी बरोबर वाटतं. त्याऐवजी ‘करार कोणत्या दिवशी झाला?’ (२८ सप्टेंबर १९५३) किंवा ‘राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला त्याच्या आधी की नंतर?’ असं विचारा. आयोग त्याच वर्षी डिसेंबरात नेमला गेला, म्हणजे करार आधीचा. दुसरा प्रश्न जास्त कामाचा, कारण तो दोन गोष्टी एकमेकींना बांधतो.

कार्डं दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि एकविसाव्या दिवशी काढा. चुकलेलं कार्ड पुन्हा पहिल्या दिवसावर. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की विसरणं सर्वात जास्त पहिल्या काही तासांत होतं, पुढे वेग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्या दिवशी चुकवू नका, एकविसाव्या दिवसाची एखादा दिवस मागेपुढे झाली तरी चालेल.

अंकगणिताचं वेगळं. शेकडेवारीची तीस गणितं एका दमात सोडवली की दहाव्यापासून सूत्र न निवडताच हात चालतो. परीक्षेत अवघड असतं ते सूत्र निवडणंच. रोहरर आणि टेलर यांच्या २००७ च्या प्रयोगात घनफळाची गणितं प्रकारानुसार सोडवणाऱ्यांना सरावात ८९ टक्के आणि आठवड्याने जेमतेम २० टक्के जमली. मिसळून सोडवणाऱ्यांना सरावात ६०, आठवड्याने ६३. तेव्हा शेकडेवारी, नफा-तोटा आणि काळ-काम-वेग एकाच कागदावर मिसळा. मात्र प्रकार अगदी नवा असेल तर आधी सोडवलेली चार-पाच उदाहरणं पायरीपायरीने बघा.

सुरुवातीचे आठ-दहा दिवस पानं कमी होतील, कागद लाल दिसेल, शेजारचा तुमच्यापुढे गेल्यासारखा वाटेल. तेवढ्यासाठी पुन्हा हायलायटर हातात घेऊ नका.