घरच्या बागेत शोभेचा आणि औषधी सेज एकाच वाफ्यात लावता येतो का?

एका वाफ्यात नको. दोन्ही साल्व्हिया या एकाच वनस्पती-गटातले, तुळशीच्या कुळातले, पण पाण्याच्या बाबतीत त्यांचं अजिबात जमत नाही. मी पुण्यात गच्चीवर दोन्ही वाढवते. शोभेच्या झाडांबरोबर रोज पाणी मिळालं की औषधी सेज हमखास मरतो.

औषधी सेज म्हणजे साल्व्हिया ऑफिसिनॅलिस, मूळचा भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या, खडकाळ उतारांवरचा. पान जवळून बघा: राखाडी हिरवं, दाणेदार सुरकुत्यांचं, अंगावर बारीक लव. चुरडलं की कापराच्या अंगाचा उग्र वास येतो. ही लव पानातली ओल राखते, म्हणून झाड तहान सोसतं. मुळाशी पाणी साचलेलं मात्र त्याला मुळीच चालत नाही. मातीची कुंडी घ्या, निम्मी माती, बाकी जाड वाळू आणि थोडं गांडूळखत. नुसत्या कोकोपीटमध्ये लावू नका. वरची माती दोन बोटं सुकल्याशिवाय पाणी घालायचं नाही.

खरी परीक्षा पावसाळ्यात. जून लागला की कुंडी पागोळ्यांपासून दूर, पण वारा खेळेल अशा उजेडाच्या जागी हलवा आणि खत बंद करा. रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणलंत तर थंडीत छान वाढतं. तेव्हाच दोन-चार कोवळ्या फांद्या वाळूत लावून ठेवा, मूळ झाड गेलं तरी वाण हातात राहतो. रोजमेरी शेजारी खुशाल ठेवा, तिची निगा अशीच. 2017 मध्ये तर वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिलाही साल्व्हियातच घेतलं.

शोभेचा लाल साल्व्हिया ब्राझीलचा, त्याला ओलसर, कसदार माती लागते. पावसाळा सरता सरता बी नुसतं भुरभुरा, मातीने झाकू नका, उगवायला उजेड हवा. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, फुटवे येतात. फूल गळालं तरी त्यामागचा लाल पुष्पकोष बरेच दिवस टिकतो, म्हणून ताटवा इतका भरगच्च दिसतो. कडक उन्हाची जागा असेल तर निळ्या फुलांचा साल्व्हिया फॅरिनेशिया लावा.

घसा दुखत असेल तर औषधी सेजच्या पानांच्या काढ्याने गुळण्या करता येतात. त्यात थुजोन हे जास्त झालं तर घातक ठरणारं द्रव्य असतं, त्यामुळे गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी आणि फिट येणाऱ्यांनी औषध म्हणून घेऊ नये. नर्सरीत पाटीवर नुसतं ‘साल्व्हिया’ लिहिलेलं रोप काढ्यासाठी आणू नका. पूर्ण नाव विचारा, पान चुरडून वास घ्या, मगच पैसे द्या.