लेनबाखहाउसला पहिल्यांदा जाताय?

म्युनिकला जाणार असाल आणि अमूर्त चित्रांची धास्ती वाटत असेल, तर लेनबाखहाउस या कलासंग्रहालयापासून सुरुवात करा. सोमवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. भिंतीवरची माहिती नंतर वाचा, आधी चित्र डोळे भरून पाहा.

चित्रकार कान्डिन्स्कीचं 'इम्प्रेशन ३ (मैफल)' लागलंय का, ते विचारा. मांडणी बदलत असते. जानेवारी १९११ मध्ये संगीतकार शोनबर्गचं संगीत ऐकून आल्यावर लगेच काढलेलं चित्र. वरचा काळा आकार म्हणजे पियानो, खाली डावीकडे दाटीवाटीने श्रोते, आणि बाकी सगळीकडे पिवळा नुसता उसळलेला. एवढं दिसलं की 'यात आहे तरी काय?' हा प्रश्न आपोआप मागे पडतो. मग जवळ जाऊन ब्रशचे फटकारे बघा, पुन्हा लांब या.

फ्रान्त्स मार्कने रंगवलेला निळा घोडा तुम्ही बघालच, ते सांगायला नको. चित्रकार गाब्रिएले म्युंटरला मात्र घाईत उरकू नका. नाझी काळात तिनेच इथली कितीतरी चित्रं मुर्नाउ गावातल्या आपल्या घराच्या तळघरात लपवून जपली आणि १९५७ मध्ये संग्रहालयाला देऊन टाकली. तरी तिची ओळख कान्डिन्स्कीची मैत्रीण एवढीच करून देतात, हे मला फार खटकतं.