आरओ रिपेअरिंगच्या छोट्या दुकानाच्या वेबसाइटसाठी लोकल कीवर्ड कसे शोधायचे?

तुमचं आरओ दुरुस्तीचं दुकान छत्रपती संभाजीनगरात आहे असं तुम्ही लिहिलंय म्हणून मुद्दाम उत्तर देतोय, मी पण इथेच गारखेड्यात फ्रिज-वॉशिंग मशीन रिपेअरिंग करतो आणि वेबसाइटचं सगळं धडपडत स्वतःच शिकलोय.

कीवर्ड म्हणजे लोक गुगलला जे शब्द टाइप करून शोधतात ते. टूल वगैरे नंतर बघा. आधी एक वही घ्या आणि पंधरा दिवस गिऱ्हाईक फोनवर पहिलं वाक्य काय बोलतं ते जसंच्या तसं लिहून ठेवा. मी लिहायला लागलो तेव्हा कळलं की "वॉशिंग मशीन सर्व्हिसेस" असं कोणीच म्हणत नाही, लोक म्हणतात "मशीन फिरत नाहीये", "पाणी निघत नाही". तुमच्याकडे पण वॉटर प्युरिफायर कमी आणि फिल्टर, आरओ, अ‍ॅक्वागार्ड हेच जास्त ऐकू येईल, मशीन कुठल्या का कंपनीचं असेना. फक्त त्या कंपनीचं अधिकृत सेंटर नसाल तर तसं वाटेल असं काही लिहू नका.

मग तीच वाक्यं मोबाइलवर इन्कॉग्निटोमध्ये (ब्राउझरची खासगी विंडो, म्हणजे तुमच्या जुन्या शोधांचा परिणाम कमी होतो) गुगलला हळूहळू टाइप करा, खाली जे जे सुचतं ते वहीत उतरवा. मराठीत, इंग्रजीत आणि इंग्रजी अक्षरांतल्या मराठी-हिंदीत, तिन्ही करून बघा.

आता खरी मेख जागेच्या नावात आहे. शहराचं नाव २०२३ मध्ये बदललं तरी बरेच जण अजून औरंगाबादच टाइप करतात, त्यामुळे पानावर दोन्ही नावं पाहिजेत. कीवर्ड प्लॅनरमध्ये (कोणता शब्द किती जण शोधतात ते दाखवणारं गुगलच्या जाहिरातींचं टूल) लोकेशन निवडताना राज्य नीट बघा कारण औरंगाबाद बिहारमध्येही आहे. सिडको म्हणाल तर नाशिकलाही आहे, नांदेडला आहे, नवी मुंबईत आहे, म्हणून नुसतं सिडको न लिहिता "सिडको एन-६, संभाजीनगर" असं पूर्ण लिहा. आणि सगळ्यात जास्त घोळ आपल्याच शहरातल्या सातारा परिसर या भागाचा, "आरओ रिपेअर सातारा" एवढंच लिहिलंत तर तुमची स्पर्धा थेट सातारा शहरातल्या दुकानांशी लागते, जिथे तुम्ही कधी जाणारच नाही.

एरियाची नावं बदलून तेच पान वीस वेळा छापू नका, गुगल त्याला स्पॅम धरतं. त्यापेक्षा बोअरच्या पाण्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार), आरओचं मेंब्रेन (आतली गाळणारी पडदी) कधी बदलायचं, वाळूजला यायला किती वेळ लागतो, असं खरं काहीतरी लिहा. मला एका एजन्सीने "बेस्ट रिपेअर सर्व्हिस महाराष्ट्र" या कीवर्डचे पैसे घेतले होते, त्यावरून एकही कॉल आला नाही, आणि येणार तरी कसा, मी पैठणच्या पुढे कामाला जातच नाही.

प्लॅनर फुकट आहे पण जाहिरातीवर खर्च नसेल तर आकडे मोघम देतो, १० ते १००, १०० ते १ हजार असे. एरियाच्या शब्दांसमोर बहुतेक काहीच दिसणार नाही, तरी ते सोडू नका, महिन्याला पाच जणांनी शोधलं आणि त्यातल्या दोघांनी फोन केला तरी आपल्यासारख्याला ते काम आहे.

गुगल बिझनेस प्रोफाइल (गुगल सर्च आणि मॅपवर दिसणारी दुकानाची नोंद) नसेल तर आजच काढा, लोकांनी काय शोधल्यावर तुम्ही दिसलात ते त्यात कळतं. दुकानाच्या नावात मात्र कीवर्ड कोंबू नका, ते नियमात बसत नाही आणि प्रोफाइल बंद पडू शकतं. सर्च कन्सोल (तुमची वेबसाइट गुगलवर कोणत्या शब्दांना दिसते ते दाखवणारं गुगलचं टूल) हेही लगेच जोडा आणि दोन-तीन महिन्यांनी उघडून बघा, ज्या शब्दांवर तुम्ही दिसताय पण क्लिक येत नाहीये ते आधी घ्या आणि त्या पानांचं टायटल वहीतल्या वाक्यांनी परत लिहा.