उन्हाळ्याचा आराखडा झाला, पण पोडावरच्यांना विचारलं का?

प्रश्न : मी झरी जामणी तालुक्यातल्या एका गावची ग्रामपंचायत सदस्य आहे. उष्माघाताचा आराखडा करायचा म्हणून सकाळी ११ ला मीटिंग ठेवली, दवंडी दिली, तरी कोलाम पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, कोणीच आलं नाही, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायाही नाही. बाकीचे म्हणतात आपणच लिहून टाकू. काय करू?

उत्तर : ताई, असं लिहून टाकू नका. तेंदूपत्त्याच्या दिवसात माणसं पहाटे अंधारात जंगलात जातात, दुपारी घरी पुडे बांधतात आणि संध्याकाळी मोजून द्यायला जातात, मग ११ ला कोण येणार? मीटिंग पुडे मोजतात तिथंच घ्या, मोजणी झाली की अर्धा तास. कोलामी बोलणारी एखादी बाई सोबत न्या, नाहीतर तुम्ही बोलाल आणि ते नुसती मान हलवतील.

आणि आधी विचारा, मागच्या उन्हाळ्यात कोणाला ऊन लागलं, तेव्हा काय केलं, गाडी कुठपर्यंत आली. एका पोडावर आम्ही ओआरएसची पाकिटं वाटून खूश झालो होतो, पंधरा दिवसांनी एका आजीकडे गेले तर सगळी पाकिटं टिनाखाली वाशात खोचलेली, एकही फोडलेलं नाही. म्हणाली, "लिटरभर पाण्यात टाका म्हन्ता बाई, हापशी आटली, पाणी आणाले नाल्यावर जा लागते." तिला आधी विचारलं असतं तर पाकिटाआधी पाणी पोचलं असतं, ते मला अजून लागतं.

दिव्यांगांसाठी २०१६ च्या कायद्यातच आहे की जिल्हा आपत्ती प्राधिकरणानं त्यांची नोंद ठेवायची, म्हणून आशाताईंना सोबत घेऊन यादी करा, तहसीलला द्या. पण यादीत नाव आलं म्हणजे माणूस आराखड्यात आला असं होत नाही. ग्राम आरोग्य समितीत पोडावरची एक बाई अन् एक दिव्यांग माणूस घ्याच, नुसतं सहीपुरतं नाही, त्यांनाच ठरवू द्या की कोणी बरळायला लागलं तर १०८ ला फोन कोण करेल, रेंज नसली तर टेकाडावर कोण जाईल, तोवर अंगावर पाणी कोण ओतेल, भर दुपारी एकट्या आजीच्या दारात कोण डोकावेल.

पुढच्या वर्षी १ मेच्या ग्रामसभेची वाट बघू नका, मार्चमध्ये मोहफुलं वेचताना बसा. यंदाचं मात्र याच आठवड्यात, संध्याकाळी.