खडकातून आलेला सी अर्चिन कोणता?

प्रश्न : माझ्या २०० लिटरच्या रीफ टँकमध्ये (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये) लाईव्ह रॉकबरोबर, म्हणजे जीवजंतूंसकट मिळणाऱ्या समुद्री खडकाबरोबर, एक सी अर्चिन (गोल कवचाचा काटेरी समुद्री प्राणी) आला. दीड वर्षापूर्वी वाटाण्याएवढा होता, आता काटे सोडून चार सेंटीमीटर भरतो. रंग चॉकलेटी-काळा, काट्यांची टोकं पांढरट. दिवसा ठरलेल्या भोकात बसतो, रात्री बाहेर पडतो. खडकावरचं जांभळं कोरलाइन (खडकावर कडक थर धरणारं शेवाळ) जागोजागी खरवडलेलं आहे. दुकानदार म्हणतात, ‘डायडेमा आहे, लगेच काढा.’ काय करू? – एक वाचक, घणसोली

उत्तर : डायडेमा या वर्णनात बसत नाही. त्याचे काटे सुईसारखे बारीक, पोकळ, ठिसूळ आणि कवचाच्या व्यासाच्या सहज दुप्पट-तिप्पट लांब असतात. ओळखताना रंगावर विसंबू नका. डायडेमाच्या पिल्लाच्या काट्यांवर काळे-पांढरे पट्टे असतात आणि वाढल्यावर ते बहुधा जातात. त्यामुळे पट्टे दिसले की इकायनोथ्रिक्स (डायडेमासारखाच दिसणारा दुसरा अर्चिन) आणि काळा दिसला की डायडेमा, ही वाटणी पुष्कळदा फसते.

दिवे बंद झाल्यावर तासाभराने, लाल जिलेटीन कागद लावलेली बॅटरी घेऊन टँकसमोर बसा. अर्चिन काचेवर चढला की तोंडाकडची बाजू समोर येते. बाहेरून काचेला प्लास्टिकची मोजपट्टी चिकटवा आणि फोन काचेला समांतर धरून फोटो घ्या. आता काटे वगळून नुसत्या कवचाची लांबी आणि रुंदी वेगवेगळी मोजा. डायडेमा आणि टक्सेडो (दुकानात मिळणारा आखूड काट्यांचा अर्चिन) वरून गोल असतात. कवच स्पष्ट लंबगोल निघालं आणि काटे बुडाशी जाड, टोकाकडे निमुळते, कवचापेक्षा आखूड असले, तर तो एकिनोमेट्रा. शेवटची खूण काट्याच्या बुडाशी असते : काटा कवचाच्या गाठीवर बसतो त्याच्या किंचित वर फिकट वलय दिसतं. पांढरी टोकं आणि ठळक वलय हे दोन्ही एकत्र दिसले तर एकिनोमेट्राची शक्यता आणखी वाढते. आपल्या किनाऱ्यावरच्या खडकांतला स्टोमोप्न्यूस्टिस हा अर्चिनही जाड काट्यांचा आणि भोकात राहणारा आहे, पण त्याचं कवच गोल असतं आणि काळ्या काट्यांवर हिरवट झाक असते.

दुकानात बहुतेक एकिनोमेट्रा ‘मॅथाई’ या एकाच प्रजातीच्या नावाने विकले जातात. खरं तर या नावाखाली एकमेकांसारख्या दिसणाऱ्या अनेक प्रजाती येतात, आणि पांढऱ्या टोकांच्या अर्चिनला मॅथाई म्हणणं तर फारच घाईचं. फोटोवरून वंशापर्यंतच, म्हणजे नुसतं ‘एकिनोमेट्रा’ एवढंच, नाव लिहा. निगा ठरवायला तेवढं पुरतं.

ही निगा वेगळी का, ते त्याच्या भोकापाशीच कळतं. सकाळी तिथे वाळूसारखे पांढरट कण पडलेले दिसतील. ती त्याची विष्ठा आहे, आणि तिच्यात शेवाळाबरोबर दाताने खरवडलेला खडकही असतो. हा प्राणी आपलं भोक स्वतः मोठं करत राहतो. म्हणून खडक वाळूवर टेकवलेला नको, थेट तळाच्या काचेवर हवा आणि दगडांचे सांधे इपॉक्सी पुट्टीने पक्के हवेत. नुसते टेकवून ठेवलेले कोरलचे फ्रॅग (छोटे तुकडे) तो पाडतोच, ते चिकटवा. एवढी तयारी असेल तर खुशाल ठेवा, केसाळ शेवाळ आवरणारा इतका मेहनती प्राणी दुसरा मिळणं कठीण. कोरलाइन फार कमी होत असेल तर तो उपाशी आहे असं समजा. आठवड्यातून दोन-तीनदा मीठ-मसाला नसलेल्या नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या कागदासारख्या पापुद्र्याचा) तीन सेंटीमीटरचा तुकडा भोकाजवळ क्लिपने लावा.

काढायचाच ठरला तर भोकातून ओढू नका. तो काटे भोकाच्या भिंतीला रोवून बसतो. ओढलं की काटे मोडतात आणि नळीपाय (चिकटून धरणारे बारीक नळीसारखे पाय) तुटतात. रात्री काचेवर आला की प्लास्टिकचा डबा त्याच्यावर धरा आणि कडेने जुनं एटीएम कार्ड सरकवा. जाळी वापरू नका, काटे अडकतात.

प्रश्न : नवीन टक्सेडो अर्चिनचे काटे तिसऱ्या दिवसापासून गळताहेत. मे महिन्यात आमच्याकडे दोन वेळा वीजही गेली होती. – एक वाचक, ठाणे (घोडबंदर रोड)

उत्तर : आधी सॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारेपणा. तो मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावणाने जुळवून मग मोजा. विशिष्ट घनता १.०२५ ते १.०२६ हवी. दुकानातल्या पाण्यात आणि तुमच्या पाण्यात फरक असताना पिशवीतून थेट सोडला असेल, तर काटे गळण्याचं बहुधा हेच कारण. पुढच्या वेळी ड्रिपने, म्हणजे टँकचं पाणी थेंबाथेंबाने त्याच्या पाण्यात सोडत, तासभर तरी जुळवून घ्या. वीज गेल्यावर पाणी ३० अंशांच्या वर गेलं का तेही आठवा. त्याला २४ ते २६ अंश मानवतात. या टँकमध्ये माशांना पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध कधी दिलं होतं का? तांबं खडकात मुरतं, मग हळूहळू सुटत राहतं आणि अर्चिनला मारतं. तसं असेल तर त्याला दुसऱ्या टँकमध्ये हलवा आणि या टँकच्या फिल्टरमध्ये तांबं शोषणारं रेझिन घाला.

नळीपाय काचेला घट्ट चिकटत असतील तर काटे परत येऊ शकतात. काटे लोळागोळा झाले, पकड सुटली आणि वास आला, तर त्याच क्षणी बाहेर काढा आणि २० टक्के पाणी बदला, नाहीतर अमोनिया बाकीच्या टँकवर जाईल.